बांधापासून ताटापर्यंत

(कृषी विस्तार यंत्रणा शेतकऱ्याचे उत्पादन वाढविते, पण त्याच्या घरातील माता-बालकांचे पोषण वाढविते का? वारजे येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन.)



वारजे म्हटले की आज मुंबई-बंगळूर महामार्ग, त्यावरची अखंड वर्दळ आणि दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या इमारती डोळ्यांसमोर येतात. पुणे महानगरपालिकेत समाविष्ट होण्यापूर्वी मुठेच्या काठचे हे एक शेतीचे गाव होते, ही गोष्ट नव्याने राहावयास आलेल्या कुटुंबांना सांगावी लागते. याच महामार्गाच्या कडेला एक परिसर आहे. त्याचा पत्ता ‘डॉ. मणिभाई देसाई नगर’ असा लिहिला जातो. ‘बायफ’ या संस्थेचे मुख्यालय तेथे आहे. त्या फाटकासमोरून रोज हजारो माणसे ये-जा करतात; परंतु तेथील कामाचा जव्हारच्या पाड्यावरील किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरातील एखाद्या बालकाच्या ताटाशी काय संबंध आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. आजच्या विषयाचे सूत्र त्या संबंधातच आहे.

‘कृषी विस्तार’ हा शब्द कानाला सरकारी वाटतो. त्याचा अर्थ साधा आहे. संशोधन केंद्रात किंवा विद्यापीठात जे ज्ञान तयार होते, ते शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेऊन पोहोचविणे आणि शेतकऱ्याची अडचण परत संशोधकापर्यंत आणणे, म्हणजे विस्तार. स्वतंत्र भारतात या कामाची पायाभरणी २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समुदाय विकास कार्यक्रमाने झाली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवा आली आणि ग्रामसेवक गावागावांत पोहोचला. १९७४ मध्ये पुदुच्चेरी येथे देशातील पहिले कृषी विज्ञान केंद्र सुरू झाले. पुढे ‘प्रशिक्षण व भेट’ योजना आली, नंतर ‘आत्मा’ आली. महाराष्ट्रात चार कृषी विद्यापीठे, जिल्हावार कृषी विज्ञान केंद्रे, शासनाचा कृषी विभाग आणि अनेक स्वयंसेवी संस्था हे काम आज करीत आहेत.

या यंत्रणेचे ऋण प्रथम मान्य केले पाहिजे. १९६५-६६ च्या अवर्षणात अमेरिकेतून येणाऱ्या गव्हाच्या जहाजांकडे डोळे लावून बसावे लागले, हा राष्ट्रीय मानहानीचा प्रसंग होता. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळातील सुकडी आणि परदेशी मिलो ज्वारीच्या आठवणी ज्येष्ठांच्या मनात अजून ताज्या आहेत. अशा वेळी ‘एकरी उत्पादन वाढवा’ हाच एकमेव मंत्र असणे स्वाभाविक होते. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचे पहिले वाण आले आणि कृषी कर्मचाऱ्यांनी ते खेडोपाडी पोहोचविले. धान्याची कोठारे भरली. देश अन्नाच्या बाबतीत कोणाच्या दारात उभा राहत नाही, याचे श्रेय शेतकऱ्याच्या कष्टाला आणि या विस्तार कार्यालाही आहे.

कोठार भरले, ताट का रिकामे?

मात्र कोठार भरले म्हणजे ताट भरले, असे गृहीत धरले गेले. आणि तेथे गणित चुकले. महाराष्ट्र हे ऊस, द्राक्षे, डाळिंब, कांदा यांत देशात अग्रेसर असलेले राज्य. त्याच राज्याविषयी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे पाहा. पाच वर्षांखालील बालकांपैकी ३५.२ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आहे, ३६.१ टक्के बालकांचे वजन कमी आहे. १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. चार-पाच वर्षे आधीच्या सर्वेक्षणात हा शेवटचा आकडा ४८ टक्के होता. या काळात शेती थांबलेली नव्हती, योजना थांबलेल्या नव्हत्या, उत्पादनही थांबलेले नव्हते.

मग अन्न पिकविणाऱ्या घरातच अन्नाची उणीव का राहावी? ‘दारिद्र्य’ हे एका शब्दाचे उत्तर पुरेसे नाही; कारण रक्तक्षय बऱ्या उत्पन्नाच्या घरांतही आढळतो. उत्तर शोधण्यासाठी शेत आणि ताट यांच्यामधला रस्ता पावलापावलाने तपासावा लागेल.

त्यासाठी एक साधी मोजपट्टी उपलब्ध आहे. आहारतज्ज्ञांनी अन्नाचे दहा गट पाडले आहेत : धान्ये व कंद; डाळी व कडधान्ये; शेंगदाणा-तिळासारख्या तेलबिया; दूध-दही-ताक; मांस-मासे; अंडी; हिरव्या पालेभाज्या; ‘अ’ जीवनसत्त्व देणारी पिवळी-केशरी फळे व भाज्या; इतर भाज्या; आणि इतर फळे. स्त्रीच्या पोटात काल दिवसभरात या दहापैकी किमान पाच गटांतील अन्न गेले असेल, तर तिला आवश्यक सूक्ष्म पोषकद्रव्ये मिळत असण्याची शक्यता चांगली आहे, असे मानले जाते. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना हीच मोजपट्टी वापरते.

आता आपल्या आजीच्या काळातील साधे ताट आठवा. ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, तुरीचे वरण किंवा कुळथाचे पिठले, शेंगदाण्याची चटणी, एखादी पालेभाजी आणि वाटीभर ताक. पाच पदार्थ, पाच गट. कोणत्याही परदेशी तज्ज्ञाने हे ताट ठरवून दिलेले नव्हते. त्या काळीही सर्वांना ते रोज मिळत होते असे नाही; गरिबी होती, दुष्काळ होते, साथी होत्या. परंतु चांगले ताट कसे असावे याची समज घरात होती आणि त्यातले पाचही पदार्थ घरच्या शेतातून व गोठ्यातून येत होते.

पाच पदार्थ कोठे गेले?

त्या पाच पदार्थांचे पुढे काय झाले, हे एकेक करून पाहण्यासारखे आहे. कारण प्रत्येक पदार्थाच्या मागे शेतीविषयीचा एखादा सल्ला, एखादे धोरण उभे आहे.

पहिली भाकरी. संकरित ज्वारीने उत्पादन वाढविले; पण खरिपातील ही ज्वारी दाणे भरताना पाऊस झाला की काळी पडे आणि तिची भाकरी घरात कोणाला रुचेना. ‘हायब्रीड’ हा शब्द मराठीत नव्या पिढीला हिणविण्यासाठी वापरला जाऊ लागला, यावरून लोकांच्या जिभेने काय निकाल दिला होता ते कळते. मोहोळच्या संशोधन केंद्रातून आलेल्या मालदांडीसारख्या रब्बी ज्वारीची चव लोकांनी सोडली नाही. परंतु सिंचन मिळताच तिची जमीन उसाला आणि इतर नगदी पिकांना गेली. स्वस्त धान्य दुकानात मुख्यतः गहू आणि तांदूळ मिळत राहिला. भाकरी कष्टाची आणि पोळी-भात सोयीचा, असे समीकरण झाले. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या घरात असते. भाकरी गेल्याने ताटातून काय गेले, याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

दुसरे वरण आणि तिसरी शेंगदाण्याची चटणी. पूर्वी मुख्य पिकात तूर, मूग, मटकी, चवळी यांच्या ओळी असत. एका पिकाला पावसाने दगा दिला तर दुसरे हाती लागे. जमिनीला नत्र मिळे आणि घरात डाळ येई. सलग एकच पीक घ्यावे, त्याला एकच खत, एकच फवारणी द्यावी, असा सल्ला सोपा होता आणि बाजारालाही तो हवा होता. १९८० च्या दशकापर्यंत महाराष्ट्रात नाममात्र असलेले सोयाबीन आज ४० लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्रावर पसरले आहे. त्याने मराठवाडा-विदर्भातील शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भुईमुगाच्या शेंगा पोत्यातून घरात येत. सोयाबीन खळ्यावरून थेट बाजार समितीत आणि तेथून तेलगिरणीत जाते. तुरीचे आंतरपीक काही प्रमाणात टिकले. मूग, मटकी, कुळीथ मात्र मागे हटत गेले.

चौथी पालेभाजी. तांदुळजा, घोळ, पाथरी, चिवळ, कुरडू या भाज्या कोणी पेरीत नसे; त्या पिकात आपोआप उगवत आणि निंदणीला गेलेली बाई येताना ओटीत घेऊन येई. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत हे ‘तण’. तणनाशक आले, मजुरी वाचली, आणि लोह व ‘अ’ जीवनसत्त्वाचा फुकटचा साठा त्याच फवारणीत नाहीसा झाला. ज्याने सल्ला दिला त्याच्या नोंदवहीत या भाजीसाठी रकानाच नव्हता.

पाचवे ताक. दुग्धव्यवसायाने कोरडवाहू शेतकऱ्याला दर आठवड्याला हाती येणारा पैसा दिला. अनेक घरांतील मुलांची शिक्षणे त्यावर झाली. परंतु दूध डेअरीत आणि घरात मुलांपुढे कोरा चहा, हे चित्र खेड्यात फिरणाऱ्या प्रत्येक कार्यकर्त्याने पाहिलेले आहे. पूर्वी दुधाचे दही होई, लोणी-तूप निघे आणि ताक शेजाऱ्यांनाही फुकट मिळे. दुधाला दर आला आणि ताक संपले.

या सर्वांत कोणाचा दुष्ट हेतू होता असे नव्हे. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी तर्कशुद्ध होता. दोष होता तो एकांगी दृष्टीचा. १९६५ मध्ये पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी एकात्म मानवदर्शन मांडताना माणसाचे तुकडे करून विचार करण्याच्या पद्धतीवर बोट ठेवले होते. शेतीचे खाते उत्पादन पाहणार, आरोग्याचे खाते आजार पाहणार, महिला व बालविकासाचे खाते अंगणवाडी पाहणार. आणि या तिन्ही खात्यांचा विषय असलेले कुटुंब मात्र एकच. तुकड्यांत विभागलेल्या विचाराने त्या कुटुंबाचे ताट अखंड राहणार नाही.

सल्ला कोणाच्या कानी पडतो?

दुसरा प्रश्न अधिक मूलभूत आहे. शेतीचा सल्ला कोणाला दिला जातो? सातबारा ज्याच्या नावावर, त्याला. मेळाव्याला कोण येतो? पुरुष. पेरणी, लावणी, निंदणी, खुडणी, मळणी, बियाण्याची निवड आणि साठवण यांतील मोठा भाग स्त्रिया करतात. घरात काय शिजेल हेही त्याच ठरवितात. आपल्याकडे लग्नात आई मुलीला अन्नपूर्णेची मूर्ती देते. घराच्या अन्नाचे दायित्व कोणाकडे, हे समाजाने इतक्या स्पष्टपणे सांगून ठेवले असताना, अन्नाविषयीचे नवे ज्ञान मात्र त्या अन्नपूर्णेला वगळून दिले गेले.

याचे परिणाम तीन प्रकारे होतात. उत्पन्नाचा पैसा ज्याच्या हाती, त्याच्या प्राधान्यक्रमाने तो खर्च होतो. आईच्या हाती आलेल्या पैशाचा अधिक वाटा मुलांच्या अन्नाकडे वळतो, हा अनेक देशांतील अनुभव आहे. दुसरे, नव्या पिकाने किंवा नव्या जनावराने घरातील स्त्रीचे काम वाढते. दिवसभर शेतात असलेल्या आईला तान्ह्या मुलाला चार-पाच वेळा भरविण्यास वेळ राहत नाही, आणि उत्पन्न वाढूनही मूल वाळते. तिसरे, सर्वांचे झाल्यावर उरेल ते खाण्याची घरातील रीत. गर्भवती सुनेच्या वाट्याला खरवड आणि कोरडी भाकरी येत असेल, तर अन्नपूर्णेची पूजा कितीही मनोभावे केली तरी ती अपुरी आहे. परंपरेतील उत्तमाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी परंपरेत शिरलेली ही रीत बदलण्यातही पुढे असले पाहिजे.

शासनाला याची जाणीव नाही असे नाही. ‘आत्मा’च्या मार्गदर्शक सूचनांत किमान ३० टक्के निधी महिला शेतकऱ्यांसाठी खर्च करावा असे म्हटले आहे. कृषी विज्ञान केंद्रात गृहविज्ञानाच्या विषयतज्ज्ञाचे पद असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने या केंद्रांमार्फत ‘नारी’ हा पोषणाची जाण ठेवणाऱ्या शेतीचा कार्यक्रम हाती घेतला. महाराष्ट्रात ‘उमेद’ अभियानाने बचत गटांच्या माध्यमातून पोषण परसबागा उभ्या केल्या. या दिशा योग्य आहेत. प्रश्न आहे तो हे काम मुख्य प्रवाहात येण्याचा. गृहविज्ञानाची तज्ज्ञ पापड-लोणच्याच्या प्रशिक्षणापुरती आणि पिकाचा सल्ला मात्र वेगळ्या खोलीत, असे चालत राहिले तर फारसे काही बदलणार नाही.

ज्यांनी वाट दाखविली

आता वारज्याच्या त्या परिसराकडे पुन्हा वळू. १९२० मध्ये सुरत जिल्ह्यात जन्मलेले मणिभाई देसाई १९४६ मध्ये गांधीजींबरोबर उरुळीकांचनला आले, तेथील निसर्गोपचार आश्रमाचे काम त्यांनी अंगावर घेतले आणि आयुष्यभर तेथेच राहिले. त्यांनी गीर गाईंचे संगोपन केले, माळरानावर शेती उभी केली आणि १९६७ मध्ये बायफची स्थापना केली. गोपैदाशीची सेवा शेतकऱ्याच्या दारात पोहोचविण्याचे काम या संस्थेने केले. संकरित पैदाशीच्या धोरणाविषयी मतभेद असू शकतात, आणि गोवंशाचा विचार करणाऱ्यांत ते आहेतही. परंतु तज्ज्ञाने शेतकऱ्याच्या दारी जावे, त्याला कार्यालयात बोलावू नये, ही त्यांची शिस्त विस्तार कार्याला कायमची दिशा देणारी ठरली. १९८२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९३ मध्ये त्यांचे निधन झाले.

याच संस्थेने १९८२ पासून गुजरातमधील वांसदा येथे वनवासी कुटुंबांसाठी ‘वाडी’चा प्रयोग सुरू केला. साधारण एकरभर उताराच्या जमिनीवर आंबा-काजूची कलमे, कडेने जळण व चाऱ्याची झाडे, आणि मधल्या पट्ट्यांत धान्य व भाजीपाला, अशी त्याची रचना आहे. आंब्याला फळ धरण्यास चार-पाच वर्षे लागतात. तोवर कुटुंब काय खाणार, हा प्रश्न आधी विचारला गेला आणि मधल्या पट्ट्यांनी त्याचे उत्तर दिले. फळबाग तयार होईपर्यंत घरात भाजी येत राहिली, आणि पावसाळा संपताच वीटभट्टीकडे होणारे स्थलांतर ज्या घरांत थांबले तेथे मुलांची अंगणवाडी व शाळाही सुटली नाही. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. त्याच जव्हार परिसरात पुढे हा वाडी कार्यक्रम रुजविण्यात आला, आणि नाबार्डनेही देशातील अनेक वनवासी जिल्ह्यांसाठी हे प्रारूप स्वीकारले. पालघर जिल्ह्यातील कुपोषण त्याने संपले, असा दावा कोणी करू नये. जमीन नसलेल्या कुटुंबापर्यंत वाडी पोहोचत नाही, ही तिची मर्यादाही आहे. तरीही शेतीचा सल्ला देताना चुलीचा विचार कसा करावा, याचा तो वस्तुपाठ आहे.

दुसरे उदाहरण अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे. शाळेची पायरी न चढलेल्या या महादेव कोळी समाजातील भगिनीने गावठी बियाण्यांचे जतन केले : घेवडा-वालाचे नाना प्रकार, काळभातासारखे भाताचे वाण, नाचणी, वरई, रानभाज्या. घरातले नातवंड आजारी पडले आणि विकतच्या, रासायनिक पद्धतीने पिकविलेल्या अन्नाविषयी मनात शंका आली, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले आहे. बायफच्या कार्यकर्त्यांनी येथे एक महत्त्वाची गोष्ट केली. त्यांनी राहीबाईंना शिकविले तसे राहीबाईंकडून शिकूनही घेतले, आणि घरातल्या बियाण्याला गावच्या बियाणे बँकेचे रूप दिले. राहीबाईंना २०१८ चा नारी शक्ती पुरस्कार मिळाला आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ज्ञान वरून खाली वाहते, ही विस्तार कार्याची जुनी समजूत कोंभाळण्याच्या या बाईने मोडीत काढली.

आधुनिक विज्ञानाचा त्याग करावा, असा याचा अर्थ नाही. राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि हैदराबादजवळची ‘इक्रिसॅट’ संस्था यांनी मिळून बाजरीचे ‘धनशक्ती’ वाण विकसित केले. त्याच्या किलोभर दाण्यात सत्तर मिलिग्रॅमहून अधिक लोह असते. महाराष्ट्रातील १२ ते १६ वयोगटातील २४६ विद्यार्थ्यांवर अशा लोहयुक्त बाजरीचा अभ्यास झाला आणि तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. काही महिने या बाजरीची भाकरी खाल्ल्यावर मुलांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढल्याचे त्यात आढळले. औषधाची गोळी विसरली जाते. भाकरी विसरली जात नाही. मात्र असे वाण उत्पादन किती देते एवढेच सांगून थांबले, तर ते पुन्हा बाजारातच जाईल. आफ्रिकेत मोझांबिक आणि युगांडा येथे केशरी रताळ्याचा प्रसार झाला तेव्हा वेलींबरोबरच मातांना आहाराचे शिक्षणही दिले गेले. त्या कार्यात अग्रभागी असलेल्या शास्त्रज्ञांना २०१६ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. बियाणे आणि स्वयंपाकाचे ज्ञान एकत्र गेले, हेच त्या यशाचे मर्म होते.

आणि स्त्रीपर्यंत हे ज्ञान कोणी न्यायचे? त्याचे उत्तर हिंगोली जिल्ह्यातील कडोलीत जन्मलेल्या नानाजी देशमुखांनी चित्रकूटमध्ये दिले. दीनदयाळ शोध संस्थानच्या कार्यात त्यांनी ‘समाजशिल्पी दांपत्य’ ही कल्पना प्रत्यक्षात आणली. पदवीधर पती-पत्नीने पाच वर्षे खेड्यात राहावे. आसपासच्या गावांतील शेती, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता या सर्व अंगांचा एकत्र विचार करावा. पती बांधावर बोलेल, पत्नी चुलीजवळ बोलेल, आणि रात्री दोघे आपल्याच घरात त्या दोन्ही बोलण्यांची सांगड घालतील. खात्याखात्यांत विभागलेले काम एका जोडप्याच्या संसारात एकत्र आले. नानाजींना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. याच संस्थानचे कृषी विज्ञान केंद्र आपल्या बीड जिल्ह्यात अंबाजोगाईजवळ दिघोळ-अंबा येथे कार्यरत आहे.

आपल्या कॅलेंडरातील विस्तार सेवा

विस्तार कार्य ही केवळ गेल्या शतकातील कल्पना नाही. पौषात भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि घेवडा, वांगी, गाजर, ओला हरभरा, शेंगदाणे घातलेली मिसळीची भाजी करावयाची. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमावाचून उगवलेले अन्न खावयाचे. त्या निमित्ताने पावसाळी भाज्या, कंद आणि शेंगा वर्षातून एकदा तरी प्रत्येक घरात शिजत आणि नव्या सुनेला त्यांची ओळख होई. कोणता पदार्थ कोणत्या ऋतूत, कशाबरोबर खावा, हे ज्ञान व्रताच्या रूपाने पिढीकडून पिढीकडे गेले. तैत्तिरीय उपनिषदाने अन्नाची निंदा न करण्याचे आणि अन्न विपुल करण्याचे व्रतच सांगितले आहे. संयुक्त राष्ट्रांनी भारताच्या प्रस्तावावरून २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले आणि भरडधान्याला ‘श्री अन्न’ हे सन्मानाचे नाव मिळाले. सन्मान झाला, आता ते अन्न पुन्हा ताटात यावयाचे आहे.

कार्यकर्त्यांनी आणि कुटुंबांनी काय करावे?

खेड्यात प्रवास करणाऱ्या कार्यकर्त्याने पिकाची चौकशी करताना घरात काल काय शिजले होते, तेही विचारावे. दहापैकी किती गट झाले, हे मोजण्यास पाच मिनिटे पुरतात. ते गट घरातील पुरुषाच्या ताटातील नव्हे, गर्भवतीच्या आणि लहान मुलाच्या ताटातील मोजावेत. जेथे उणीव दिसेल तेथे अंगणवाडी सेविका, कृषी कर्मचारी आणि बचत गट यांना एका ठिकाणी बसवावे. मोरीचे पाणी वापरून शेवगा, अळू, भोपळा, पपई, लिंबू आणि दोन पालेभाज्यांची परसबाग होते. त्यासाठी बाईला लांबून हंडे आणावे लागू नयेत, याची काळजी आधी घ्यावी. लिंबू पिळलेल्या पालेभाजीतील लोह शरीराला अधिक मिळते, जेवणावर लगेच घेतलेला चहा ते अडवितो, गाजर-पपईतील ‘अ’ जीवनसत्त्व शोषले जाण्यास थोडे तेल-तूप लागते. एवढी तीन वाक्ये जरी घराघरांत पोहोचली, तरी एक पैसाही खर्च न होता ताट सुधारेल. दूध घालणाऱ्या प्रत्येक घराने मुलांपुरते दूध आधी बाजूला काढावे, असा ठराव दूध संस्थेच्या सभेत मांडण्यास कोणत्याही शासन निर्णयाची गरज नाही.

वारजे-कर्वेनगरसारख्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांचे कामही कमी नाही. शेतकरी काय पेरतो, हे शहरातील ग्राहक काय विकत घेतो त्यावर ठरते. आठवड्यातून चार वेळा ज्वारी, बाजरी, नाचणी खाणारी हजार घरे एका उपनगरात असतील, तर त्यांच्या मागणीवर एखाद्या गावचा भाकरीचा पट्टा टिकू शकतो. ती खरेदी शक्यतो शेतकरी गटाकडून थेट व्हावी. आपल्या इमारती बांधणाऱ्या आणि आपल्या घरी कामास येणाऱ्या भगिनी बहुधा अशाच एखाद्या कोरडवाहू गावातून आलेल्या असतात. त्यांची मुले काय खातात, हा प्रश्नही आपल्याच वस्तीतला आहे. सेवा वस्तीत चालणाऱ्या संस्कारवर्गात खाऊ द्यावयाचा असेल, तर तो बिस्किटाच्या पुड्याऐवजी शेंगदाण्याची चिक्की, उकडलेले हरभरे किंवा नाचणीचा लाडू असावा. आणि आपल्या स्वतःच्या घरात स्त्रिया सर्वांबरोबर जेवायला बसतात की नाही, याचे उत्तर प्रत्येकाने आज रात्रीच द्यावे.

देशाचे सामर्थ्य मोजताना आपण सैन्याचा, उद्योगाचा, धान्यसाठ्याचा विचार करतो. ज्या राष्ट्रातील निम्म्याहून अधिक माता रक्तक्षयग्रस्त आहेत, त्याच्या पुढच्या पिढीचे बळ जन्मापूर्वीच उणावलेले असते. शेतीखात्याच्या वार्षिक अहवालात हेक्टरी क्विंटलच्या शेजारी घराघरांतील ताटाचाही एक रकाना यावा, ही मागणी आता समाजानेच केली पाहिजे. तो रकाना येईपर्यंत आपापल्या गावात, आपापल्या वस्तीत त्याची नोंदवही कार्यकर्त्यांनी स्वतः उघडावी. सुरुवात दहा घरांपासून झाली तरी चालेल.